पडद्यावर उमटणारा जिवंत डोळा

व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली रंगवलेला एक ससा आहे. त्याच्या अंगावरचे केस इतके बारकाईने काढले आहेत की पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच अडकते. पण चित्रकलेचे विद्यार्थी जवळ जाऊन पाहतात तो त्याचा डोळा. त्या इवल्याशा डोळ्यात चौकटीसह एक खिडकी प्रतिबिंबित झाली आहे. चित्राची पार्श्वभूमी कोरी आहे. भिंत नाही, जमीन नाही. तरीही उजेड कुठल्या बाजूने आणि कशातून आला हे त्या एका प्रतिबिंबावरून कळते. म्युनिकमध्ये असलेल्या १५०० सालच्या आत्मचित्रातही ड्यूररने स्वतःच्या डोळ्यांत अशीच खिडकी रंगवली आहे.

आता संगणकावर हौसेने पहिलाच डोळा काढायला बसलेल्या कुणाचेही काम आठवावे. एक गोल, त्यात निळा रंग, मधोमध काळा ठिपका, त्यावर पांढरा ठिपका, भोवती स्वच्छ पांढरा बदाम आणि वर कंगव्याच्या दातांसारखे सरळ केस. डोळ्याचे सगळे भाग जागच्या जागी असतात, पण तो डोळा कुणाकडे बघत नाही. पुष्कळांना वाटते की हात बसलेला नाही, किंवा आपल्याकडे महागडे सॉफ्टवेअर नाही. खरे कारण बहुतेक वेळा वेगळेच निघते. डोळा हा ओला, गोल आणि पुढच्या बाजूने पारदर्शक असा अवयव आहे, हे चित्र काढताना विसरले गेलेले असते. उजेड त्यावर पडतो, त्यातून आत शिरतो, आत वळतो आणि काही भाग परत येतो. हा प्रवास ज्याला समजला त्याच्या हाती साधे फुकटचे सॉफ्टवेअर असले तरी भागते.

माणसाची नजर या बाबतीत फार कडक परीक्षक असते. हिरोमी कोबायाशी आणि शिरो कोहशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ साली माणसाच्या डोळ्याची इतर प्राइमेट प्राण्यांच्या डोळ्यांशी तुलना केली. डोळ्याचा उघडा दिसणारा पांढरा भाग माणसात सर्वांत मोठा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. समोरचा कुठे बघतो आहे हे आपल्याला लांबूनही कळते ते या पांढऱ्यामुळे. नाक थोडे बिघडले तर चित्र चालून जाते, पण बुबुळ केसभर सरकले तरी चेहरा चकणा दिसतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यात कसलेल्या कारागिराकडे दिली जाते, तेही याच कारणाने.

म्हणून सुरुवात मापांपासून करावी. मोठ्या माणसाच्या दोन पापण्यांमधली फट साधारण ३० मिलिमीटर रुंद असते आणि बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर. म्हणजे पडद्यावर डोळ्याची रुंदी २००० पिक्सेल घेतली, तर बुबुळ ८०० पिक्सेलच्या आसपास यायला हवे. घरातल्या उजेडात बाहुली ३ ते ४ मिलिमीटरची असते, म्हणजे २०० ते २७० पिक्सेल. वरची पापणी बुबुळाचा माथा एक-दोन मिलिमीटर झाकते आणि खालची त्याच्या कडेला जेमतेम टेकते. बुबुळ पूर्ण गोल दाखवले की माणूस दचकल्यासारखा दिसतो. पापण्यांचा आकारही काटेकोर बदामाचा नसतो. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू किंचित नाकाच्या बाजूला असतो आणि खालच्या पापणीचा सर्वांत खालचा बिंदू किंचित कानाच्या बाजूला. हा तिरपेपणा पकडला की नुसत्या रेषांतच अर्धे काम होते.

यापुढचे काम लेयरचे, म्हणजे चित्रात एकावर एक ठेवलेल्या वेगवेगळ्या पारदर्शक थरांचे आहे. थॉमस नोल या अमेरिकन विद्यार्थ्याने १९८७ साली मिशिगन विद्यापीठात असताना मॅकिंटॉशवर करड्या छटांची चित्रे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन नोल तेव्हा ‘स्टार वॉर्स’वाल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत काम करत होता. दोघांनी मिळून तो प्रोग्रॅम वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अॅडोबीने तो ‘फोटोशॉप’ म्हणून बाजारात आणला. मात्र त्या पहिल्या फोटोशॉपमध्ये लेयर नव्हते. एकदा मारलेला फटकारा खालच्या चित्रात कायमचा मिसळून जायचा. लेयर आले ते १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्यानंतर स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले गिंप १९९६ साली लोकांसमोर आले. पुढे क्रिता आले. ही दोन्ही सॉफ्टवेअर आजही मोफत मिळतात आणि इथे सांगितलेले सगळे काम त्यांत होते.

डोळ्याच्या बाबतीत लेयरचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. डोळ्याची स्वतःची रचनाच थरांची आहे. सर्वांत मागे पांढरा गोल, त्याच्या पुढच्या भागात बुबुळ, बुबुळाच्या मध्ये बाहुलीचे भोक, त्याच्या पुढे सुमारे तीन मिलिमीटरची पाण्याने भरलेली पोकळी आणि त्यावर पारपटलाचा फुगीर पारदर्शक पडदा. पारपटलावर अश्रूंचा पातळ थर, वरून पापणीची सावली आणि सगळ्यांच्या पुढे पापण्यांचे केस. लेयर याच क्रमाने रचले की कुठली छटा कुठल्या छटेवर यायची हा प्रश्न आपोआप सुटतो. चमक कधीच बुबुळाच्या लेयरवर काढायची नाही, कारण ती बुबुळावर नसतेच. ती पारपटलावर असते. घड्याळाच्या काचेवरची चमक जशी तबकडीवरच्या आकड्यांची पर्वा न करता आडवी पसरते, तशी ही चमक बाहुली आणि बुबुळ यांच्या सीमेची पर्वा न करता दोन्हींवर पसरते. बाहुलीच्या मधोमध काढलेला गोल ठिपका खोटा दिसतो तो यामुळेच.

कॅनव्हास पांढरा ठेवू नये. त्यावर आधी त्वचेची मध्यम छटा भरावी. पांढऱ्या कॅनव्हासवर सगळेच रंग गडद वाटतात आणि मग हात नकळत फिके रंग निवडतो. आणि डोळ्याचा पांढरा भाग खरोखर पांढरा नसतो, ही गोष्ट नवशिक्याला सांगून पटत नाही, दाखवून पटते. एखादा चांगला फोटो उघडावा आणि आयड्रॉपरने त्या ‘पांढऱ्या’वर क्लिक करावे. पुष्कळदा लाल २०५, हिरवा १९०, निळा १८६ अशासारखी मातकट गुलाबी छटा हाती लागते आणि कोपऱ्यांत त्याहून बरीच काळपट. एमआयटीचे एडवर्ड अॅडेल्सन यांनी १९९५ साली बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र तयार केले होते. त्यात सावलीतले पांढरे घर आणि उजेडातले काळे घर यांची करडी छटा अगदी एक असते, पण डोळ्याला ते मानवत नाही. आपला मेंदू सावली वजा करून रंग वाचतो. त्यामुळे चित्रात करडा दिलेला भागही, त्याच्या शेजारी त्वचा आणि वर पापणीची सावली असली की, पांढरा म्हणूनच वाचला जातो. याउलट २५५ चा शुद्ध पांढरा तिथे भरला, तर चमक दाखवायला हातात काही शिल्लक राहत नाही. तो पांढरा राखून ठेवायचा, फक्त चमकेसाठी.

बुबुळ हा सगळ्यांत रंगतदार भाग. त्यासाठी एक जुनी युक्ती अजूनही वापरली जाते. चौकोनी लेयरवर ‘नॉइज’ फिल्टर लावायचा, मग ‘मोशन ब्लर’ उभ्या दिशेने. दाण्यांच्या उभ्या रेघा होतात. त्यावर ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ फिल्टर चालवला की चौकोनाची वरची कड मध्यबिंदूत गोळा होते, खालची कड परिघावर जाते आणि उभ्या रेघा केंद्रातून बाहेर पसरणारे तंतू बनतात. चौकोनाच्या डाव्या-उजव्या कडा जिथे एकत्र येतात तिथे एक शिवण दिसते, ती क्लोन स्टॅम्पने बुजवावी लागते. पाच मिनिटांत बुबुळ तयार. पाहणारा चकित होतो खरा, पण हे बुबुळ सायकलच्या आऱ्यांसारखे एकसुरी असते. तिथेच थांबलेली हजारो चित्रे आहेत आणि ती लगेच ओळखू येतात.

खऱ्या बुबुळाचे दोन पट्टे असतात. बाहुलीलगतचा पट्टा आत, आणि त्याच्या बाहेरचा रुंद पट्टा. दोघांच्या मध्ये नागमोडी, किंचित उचललेली एक कड असते. बाहुली लहान करणारा स्नायू आतल्या पट्ट्यात वर्तुळाकार बसलेला असतो. बाहेरच्या पट्ट्यातले तंतू लाटांसारखे वळत, एकमेकांना ओलांडत जातात. मध्ये मध्ये ते फाकतात आणि लहान खळगे दिसतात. अगदी परिघाला, जिथे बुबुळ पांढऱ्याला मिळते, तिथे एक गडद कडे असते. ते सुरीने कापल्यासारखे नसते, पांढऱ्यात विरघळत जाते. फिल्टरच्या तंतूंवर बारीक ब्रशने हे सगळे हाताने घालावे लागते. दाब ओळखणारे पेन-टॅबलेट असेल तर तंतू मुळाशी जाड आणि टोकाला बारीक असा सहज येतो. माउसने हेच काम होते, पण जिवावर येते.

रंगाची गोष्ट त्याहून मजेची आहे. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसते. बुबुळाच्या मागच्या बाजूला गडद थर असतो, पुढच्या थरात मेलॅनिन अगदी कमी असते आणि तिथल्या सूक्ष्म तंतूंवर प्रकाश विखुरतो. विखुरताना निळा भाग जास्त परततो. तेलरंगात काम करणाऱ्यांना हा परिणाम आयता मिळतो. काळपट थरावर पातळ दुधी रंग फिरवला की तो निळसर भासतो. संगणकात असे विखुरणे घडत नाही. तिथे काळ्यावर अर्धपारदर्शक करडा टाकला तर करडाच मिळतो. म्हणून तिथे निळा हाताने मिसळावा लागतो, तोही फार थोडा.

तपकिरी डोळ्यांत पुढच्या थरातच मेलॅनिन भरपूर असते. त्यामुळे तंतू कमी आणि मखमली पोत जास्त दिसतो. शिकवणुकीचे बहुतेक व्हिडिओ निळ्या-हिरव्या डोळ्यांचे असतात आणि आपल्याकडची मुले तेच गिरवतात, कारण ते चटकन आकर्षक दिसतात. ही पंचाईत आहे. सावलीतला तपकिरी डोळा जवळजवळ काळा असतो, पण खिडकीचा तिरपा उजेड त्यात शिरला की त्याच्या एका बाजूला मध उजळल्यासारखी छटा फुटते. ही छटा उजेडाच्या बाजूला नसते, समोरच्या बाजूला असते. पारपटल फुगीर असल्याने त्यावर डावीकडून वरून आलेला प्रकाश आत वळतो आणि बुबुळाच्या उजव्या खालच्या भागावर गोळा होतो. म्हणजे चमक डावीकडे वर आणि आतला उजाळा उजवीकडे खाली. एवढी एक गोष्ट केली तरी सपाट बुबुळ खोल दिसू लागते. ही युक्ती निळ्या डोळ्यापेक्षा तपकिरी डोळ्यात जास्त खुलते, असे अनेक नमुने शेजारी ठेवून पाहिले की पटते.

सावली आणि उजाळ्यासाठी लेयरचे ब्लेंड मोड वापरतात. त्यांच्यामागे साधे अंकगणित आहे. ‘मल्टिप्लाय’ म्हणजे दोन छटांचा गुणाकार करून २५५ ने भागायचे. खालची छटा २०० आणि वरची १५० असेल तर उत्तर ११८ येते, म्हणजे दोन्हींपेक्षा गडद. ‘स्क्रीन’मध्ये हेच गणित उलट्या छटांवर होते आणि त्याच दोन आकड्यांचे उत्तर २३२ येते, दोन्हींपेक्षा उजळ. सावलीला म्हणून ‘मल्टिप्लाय’ आणि बुबुळातल्या उजाळ्याला ‘स्क्रीन’ किंवा ‘ओव्हरले’. सावलीसाठी काळा रंग मात्र घेऊ नये. काळ्याने चित्र मळते. किंचित जांभळट तपकिरी घ्यावा, मऊ ब्रश घ्यावा आणि वरच्या पापणीखाली पांढरा आणि बुबुळ या दोन्हींवरून एकसंध फिरवावा. पापणी ही जाड असते, ती डोळ्याच्या पुढे असते आणि तिची सावली डोळ्यावर पडतेच. फोटो पाहताना ही सावली कुणाच्या लक्षात येत नाही, पण चित्रात ती नसली तर डोळा चिकटवल्यासारखा वाटतो. फिल्टर, ब्रश, चमक या सगळ्यांतून एकच गोष्ट निवडायची झाली तर ही सावली निवडावी.

मऊ छटांचे हे काम मराठी वाचकाला अगदीच नवे नाही. रघुवीर मुळगावकरांची स्प्रेने केलेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना गालावरून पापणीकडे ब्रशची खूण न सोडता सरकणारी छटा माहीत आहे. संगणकातला एअरब्रश त्याच यंत्राची नक्कल आहे. फरक एवढाच की स्प्रेने चुकलेला फवारा परत घेता येत नसे.

खालच्या पापणीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि खरा ओलावा तिथेच असतो. खालची पापणी रेषा म्हणून काढू नये. तिची कड सुमारे दोन मिलिमीटर जाडीची, गुलाबी, वरून उजेड झेलणारी अशी एक अरुंद पट्टी असते. ती पट्टी आणि नेत्रगोल यांच्या सांध्यात अश्रूंची बारीकशी ओळ साचलेली असते. ही ओळ अखंड पांढऱ्या रेघेने दाखवली तर दोरा ताणल्यासारखी दिसते. ती तुटक हवी. बुबुळाखाली थोडी ठळक, मध्येच नाहीशी, नाकाजवळच्या कोपऱ्यात पुन्हा एक-दोन बारीक कण. त्या कोपऱ्यातला गुलाबी मांसल उंचवटाही ओला असतो, त्यालाही एखादा कण चमकेचा लागतो. पिक्सेलच्या हिशेबात हे काम नखाएवढे आहे. पण पडद्यावर ते केले की डोळा कोरडा राहत नाही.

पापण्यांचे केस सर्वांत शेवटी. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला ७० ते ८०. ते पापणीच्या बाहेरच्या कडेतून उगवतात, नेत्रगोलाला लागून असलेल्या कडेतून नाही. वरचे केस आधी किंचित खाली झुकतात आणि मग वर वळतात. दोन-तीन केसांची टोके एकमेकांना चिकटून त्रिकोणी झुबके होतात. एक केस काढून त्याच्या प्रती ओळीने चिकटवल्या की नकलीपणा लपत नाही. प्रत्येक केस वेगळा काढणे कंटाळवाणे वाटते, पण दुसरा मार्ग नाही. आणि एक बारकावा: उजेड वरून येत असेल तर खिडकीच्या प्रतिबिंबाच्या वरच्या कडेवर पापणीच्या केसांची काळी जाळी दिसते. ती घातली की चमक डोळ्यावर बसते.

त्वचा फार गुळगुळीत केली तर सगळी मेहनत प्लॅस्टिकची होते. म्हणून शेवटी एक लेयर ५० टक्के करड्याने भरून ‘ओव्हरले’वर ठेवावा. त्या मोडमध्ये मधला करडा काहीच बदल करत नाही. त्यावर अगदी थोडा ‘नॉइज’ दिला की चित्रभर बारीक कण पसरतो आणि वेगवेगळ्या लेयरवर काढलेले भाग एकत्र येतात. मग चित्र आडवे उलटून पाहावे. क्रितामध्ये एम ही कळ दाबली की झाले. सरावलेल्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा उलट्या चित्रात लगेच उघडा पडतो.

चित्रपट आणि गेमसाठी काम करणाऱ्यांनी हा अभ्यास बराच पुढे नेला आहे. डिस्ने रिसर्चच्या झुरिकमधल्या गटाने २०१४ साली माणसांच्या डोळ्यांचे सूक्ष्म त्रिमितीय मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात नेत्रगोल भूमितीतल्या गोलासारखा नसतो आणि प्रत्येकाचा आकार वेगळा असतो, हे स्पष्ट दिसले. सगळ्यांसाठी एकच गोळी वापरायची सोय त्यामुळे अपुरी ठरली. प्रतिबिंबांचा नियम तर आता खोटे फोटो पकडायला उपयोगी पडतो. बफेलो विद्यापीठातल्या सिवेई ल्यू यांच्या गटाने २०२१ साली दोन्ही डोळ्यांतल्या चमकांची तुलना करून संगणकाने बनवलेले चेहरे ओळखणारी पद्धत मांडली. खऱ्या माणसाचे दोन्ही डोळे एकाच खिडकीकडे असतात, म्हणून दोन्हींतली चमक जुळते. यंत्राने बनवलेल्या चेहऱ्यांत ती बऱ्याचदा जुळत नव्हती. व्यक्तिचित्रासारख्या फोटोंवर त्या पद्धतीला ९४ टक्के यश मिळाले. २०२४ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात याच कामासाठी आकाशगंगांमधला प्रकाश कसा विखुरला आहे हे मोजणारी खगोलशास्त्रातली पद्धत वापरून पाहिली गेली. चित्रकाराने चेहऱ्याचे दोन्ही डोळे काढताना हाच नियम पाळायचा असतो. चमकेचा लेयर उजव्या डोळ्यावरून डावीकडे आरशासारखा उलटवून टाकू नये. तो जसा आहे तसाच सरकवावा, आणि डोळ्याच्या वळणाप्रमाणे थोडा बदलावा.

या कौशल्याचा एक उपयोग थेट माणसाच्या चेहऱ्यावर होतो. अपघातात किंवा आजारात डोळा गमावलेल्यांसाठी अॅक्रिलिकचा कृत्रिम डोळा बनवतात. त्याचे बुबुळ वर्षानुवर्षे हाताने रंगवले जात आले आहे, रुग्णाला समोर बसवून, त्याच्या शाबूत डोळ्याकडे पाहत. आता काही ठिकाणी शाबूत डोळ्याचा फोटो घेतात, सॉफ्टवेअरमध्ये त्याची छटा, बाहुलीचा आकार आणि कडेचे गडद कडे नीट जुळवून घेतात, तो कागदावर छापतात आणि पारदर्शक अॅक्रिलिकच्या थराखाली बसवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाने एका रुग्णाला पूर्णपणे त्रिमितीय छपाईने तयार केलेला कृत्रिम डोळा बसवला. नेहमीच्या पद्धतीने असा डोळा तयार व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. छपाईमुळे हा वेळ निम्म्यावर येईल, असे रुग्णालयाने तेव्हा सांगितले होते.